न झालेला डेंगू

मी बाबांना आजारी पाडलं तेव्हा ते भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये नववीच्या बॅचला भूमिती शिकवत होते. त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. "पोट्टेहो, दिसते म्हणून काटकोन होत नाही. सिद्ध करा, मंग म्हणा." आणि इकडे मी लॅपटॉपसमोर बसून टीमला सांगत होते, की माझे बाबा काल संध्याकाळपासून दवाखान्यात ॲडमिट आहेत.

अमरावतीच्या राजापेठेत आमचं घर आहे. बाबा शाळेतून निवृत्त झाले, पण गणित सुटलं नाही. हॉलमध्ये सतरंजी, एक फळा आणि सकाळच्या दोन बॅचेस. मी पुण्यात आठ वर्षं नोकरी केली. घरून काम करायची सोय झाली तशी लॅपटॉप घेऊन परत आले आणि हॉलशेजारच्या खोलीत टेबल मांडलं. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची, घरचं जेवण आणि पुण्याचा पगार. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटलं.

मग टीममधले दोन अनुभवी लोक चार महिन्यांच्या आत नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, त्यांचं काम मात्र जाग्यावरच होतं. विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर होतं ते, आणि त्यातले माझ्याकडचे दोन भाग वाढून पाच झाले. कोणी माझ्यावर लादले असं म्हणता येणार नाही. आमचा मॅनेजर पुण्यात बसायचा, सभ्य माणूस. तो विचारायचा, "तुला जमेल ना?" आणि मी म्हणायची, "हो, होईल." सवयच होती ती. जेवताना कोणी पोळी वाढू का विचारलं की आपण पोट भरलेलं असूनही हात मध्ये घालायला उशीर करतो, तसं व्हायचं. पोळी पानात पडलेली असायची.

हळूहळू शरीर कुरकुरू लागलं. एकच ओळ मी चार-चारदा वाचायची. आईने कुकर लावला आणि शिट्टी झाली की दचकून डोळ्यांत पाणी यायचं. एक दाढ दुखत होती म्हणून जवळच्या दातांच्या डॉक्टर बाईंकडे गेले, तर त्यांनी आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "झोपेत काय चावता हो तुमी? दाढेले तडा गेला. कशाचं टेन्शन हाये एवढं?" मी तोंड उघडं ठेवून हसण्याचा प्रयत्न केला. त्यांनी रात्री दातांत धरायला एक प्लास्टिकची पट्टी करून दिली. मला ते सोयीचं वाटलं. पट्टी लावली की काम तेवढंच ठेवता येत होतं.

सुट्टी मी मागितली नव्हती असं नाही. तीनदा मागितली. "थोडी विश्रांती हवी होती," असं चाचरत, दुसऱ्याच कुणासाठी मागावी तशी. "आपण रिलीजनंतर बघूया, चालेल?" असं उत्तर यायचं. रिलीज म्हणजे नवं तयार झालेलं काम ग्राहकाच्या हातात देण्याचा दिवस. एक रिलीज झालं की दुसऱ्याची तारीख ठरलेलीच असायची. मी म्हणायची, "चालेल."

या सगळ्यात माझ्यासोबत एक मुलगा होता, अकोल्याचा. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तोही घरूनच काम करायचा, जुन्या शहरातल्या एका गल्लीतून, आणि त्याचा माइक चालू झाला की मागून भंगारवाल्याची आरोळी यायची. मॅनेजर कॉलवरून गेला की आम्ही दोघं आपल्या बोलीवर उतरायचो. तो मला ताई म्हणायचा. "ताई, थे तिकीट माह्याकडे द्या न. तुमच्याकडे लय झालं," असं म्हणून माझ्या यादीतलं एखादं काम तो स्वतःच्या नावावर ओढून घ्यायचा. त्या दिवसांत मला हसवणारा तेवढा एकच माणूस होता.

तर तो मंगळवार. शुक्रवारी रिलीज होतं. सकाळी दहाच्या कॉलवर मॅनेजर म्हणाला, ग्राहकाने आणखी एक छोटा बदल मागितलाय, तो तुझ्याच भागात येतो, शुक्रवारपर्यंत होईल ना? मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून वेगळंच वाक्य बाहेर पडलं. "माझे बाबा ॲडमिट आहेत."

मग सगळे एकदम बोलू लागले. काय झालं? कधी? मी म्हणाले, डेंगू. तेव्हा गावात डेंगूची साथ होती, दोन घरं सोडून एक जण खरोखरच ॲडमिट होता, त्यामुळे तो शब्द जिभेवर तयारच होता. "अगं, मग तू कॉलवर काय करतेयस?" मॅनेजर कळवळून म्हणाला. "लॅपटॉप बंद कर. या आठवड्यात परत उघडू नकोस." जी सुट्टी कितीक महिन्यांत मिळाली नव्हती ती अर्ध्या मिनिटात मिळाली. अकोल्याचा म्हणाला, "ताई, तुमी जा बिनधास्त. मी पाहतो इकडलं." पलीकडे बाबांनी फळ्यावर खडू आपटला. मी घाईने माइक बंद केला.

घरी सांगितलं, कंपनीने सुट्टी दिलीय. आई खूश झाली. पहिला दिवस मी नुसती झोपले. दुसऱ्या दिवशी आईबरोबर चांदूर रेल्वेला मावशीकडे जाऊन आले, तिच्याकडे झुणका-भाकर खाल्ली आणि किती दिवसांनी जेवणाला चव आहे असं वाटलं. पण फोन होताच. "काका कसे आहेत?" "प्लेटलेट्स किती?" मला आकडे द्यावे लागत होते. मी सॉफ्टवेअर तपासायला खोटी माहिती भरते तशी बाबांच्या रक्ताची माहिती भरू लागले. बुधवारी पंचेचाळीस हजार, गुरुवारी अडतीस, शुक्रवारी जरा वर. कमी झाल्याशिवाय वाढल्या तर कुणाला पटणार नाही, एवढा विचार मी केला होता. शनिवारी मी त्यांना डिस्चार्ज दिला.

रविवारी अकराच्या सुमारास बाबा अंगणात बनियनवर स्कूटर धूत होते. मी खिडकीशी केस विंचरत बसले होते. फाटकापाशी एक मुलगा येऊन उभा राहिला. पाठीला सॅक, एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला हिरवा पाला. स्क्रीनवर रोज पाहत असूनही मला त्याला ओळखायला दोन क्षण लागले. मागे एकदा मी त्याला कुरिअरने चार्जर पाठवला होता, त्याच्यावर आमचा पत्ता होता.

"काका, हे ताईचं घर न? मी अकोल्याहून आलो, त्यांच्या ऑफिसातला," तो म्हणाला. "त्यांच्या बाबांले डेंगू झाला होता न, त्यांले पाहाले आलो."

बाबांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ज्यांनी पोरांच्या सबबी ऐकल्या, एकाच पोराची आजी तीनदा वारल्याचं ज्यांनी वर्गात मोजून दाखवलं होतं, त्यांना समजायला वेळ लागला नाही. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते स्पष्ट सांगतील. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांनी नळ बंद केला. हात बनियनला पुसले. "मीच तो," ते म्हणाले. "ये. आत ये."

"अरे बाप्पा! काका, तुमी पाण्यात काहून उभे? आराम करा न!"

"पडून पडून कंटाळा आला," बाबा म्हणाले, आणि आत येऊन खरोखरच दिवाणावर आडवे झाले. आईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने पिशवीतून किवी काढले, शहाळी काढली. पाला पपईचा होता. त्यांच्या मागच्या अंगणात झाड होतं, पहाटे स्वतः तोडून तो साडेसहाच्या एसटीत बसला होता. "रस ताजाच घ्या लागते, काकू," असं म्हणत तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने आईकडून पाला वाटून घेतला. बाबांनी तो अर्धा पेला कडू रस तोंड वाकडं न करता एका दमात घेतला.

"शेवटी किती आल्या, काका, प्लेटलेट्स?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"एक लाख वीस हजार," मी म्हणाले.

"हो. एक लाख वीस," बाबा म्हणाले.

मग त्याने सॅकमधून पेढ्यांचा डबा काढला. "हे आईनं देल्ले. परवा रिटायर झाली न थे."

त्याची आई अकोल्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. त्याने मोबाइलवर शुक्रवारच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ लावून बाबांच्या हातात दिला. शाळेचा व्हरांडा, आंब्याच्या पानांचं तोरण, आणि शाल-नारळ घेऊन उभी असलेली, कोयरीच्या काठाची साडी नेसलेली एक ठेंगणी बाई. लहान मुली तिच्या कमरेला मिठ्या मारून रडत होत्या. ती बोलायला उभी राहिली आणि "माझा मुलगा आज..." एवढं म्हणून थांबली, मग दुसऱ्याच विषयावर गेली.

"तू कुठं हाये यात?" बाबांनी विचारलं.

"मी नोतो न, काका. रिलीज होतं."

तेव्हा मला आठवलं. महिन्याभरापूर्वी त्याने मला फोन करून विचारलं होतं, ताई, त्या शुक्रवारी माझी सुट्टी मंजूर आहे, पण आता रिलीजही त्याच दिवशी आलं, काय करू? आणि मी म्हणाले होते, "तू जा. मी आहे ना." मी सगळ्यांनाच हो म्हणत होते, त्यातलंच ते एक. फोन ठेवल्यावर मी ते विसरले होते. मंगळवारी तोंडातून ते वाक्य निघालं तेव्हाही आठवलं नाही, चांदूरला भाकरी खाताना नाही, प्लेटलेट्स कमीजास्त करतानाही नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुमचे बाबा दवाखान्यात अन् मी काय सांगू, ताई? आईच म्हणली, जाऊ दे, माणसाचं पाह्य पहिले."

बाबांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. त्यांच्या स्वतःच्या निरोपाला मी पुण्याहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. भाषणात ते दोनदा माझ्याकडे पाहून थांबले होते आणि मी मान हलवल्यावर पुढे बोलले होते. त्यांनी फोन परत केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. "थकले असतील," तो हळूच म्हणाला. आईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तो दोनच्या गाडीने गेला.

तो गेल्यावर बाबा उठून बसले. मला वाटलं ओरडतील. ते फक्त म्हणाले, "तुले एवढं सांगता नाही आलं, का मले झेपून नाही राहिलं?"

"नाही आलं."

"काहून?"

मी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. ते वर्गात उत्तराची वाट पाहायचे तसे माझ्याकडे पाहत होते.

"मले आजारी पाडलं, जाऊ दे. मीही खोटं बोललो, या वयात. तेही जाऊ दे. पण त्या बाईचा दिवस गेला ना. थो कुठून आणशील तू?"

आई आतून एवढंच म्हणाली, "वास्तू तथास्तु म्हणत असते, पोरी. काहीही बोलतेस." त्या संध्याकाळी तिने बाबांची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाबांनी काढू दिली.

सोमवारी मी कामावर परत गेले. सगळ्यांनी बाबांची चौकशी केली. कॉल संपल्यावर मी मॅनेजरला थांबवलं आणि म्हणाले, "माझ्याकडे पाच भाग आहेत. मला झेपत नाहीत." तो म्हणाला, "अगं, आधी सांगायचंस ना." आणि पाच मिनिटांत त्याने दोन भाग दुसऱ्या टीमला देऊन टाकले. त्यातला एक तर या वर्षी करायची घाईच नाही, असं निघालं. मी कॉल बंद करून टेबलावर डोकं टेकलं. इतकं सोपं होतं हे मला आदल्या सोमवारी कळलं असतं तर ती बाई व्हरांड्यात अर्ध्या वाक्यावर थांबली नसती. सोपं निघाल्याचा त्रास मला कामाच्या ओझ्यापेक्षा जास्त झाला, आणि अजून होतो.

बाकीचं खरं मात्र मी अकोल्याच्या त्या मुलाला सांगितलं नव्हतं. रोज ठरवायची, आज सांगू. तो "ताई, काकांची कमजोरी गेली का?" विचारायचा आणि माझी हिंमत जायची. दोन महिने असे काढले. मग एका शनिवारी त्याला कळवून मी अकोल्याची बस पकडली. तो बाइक घेऊन स्टँडवर घ्यायला आला होता. त्याच्या घरी हे खोटं घेऊन शिरायचं नव्हतं, म्हणून मोर्णा नदीचा पूल यायच्या आधी मी त्याला एका चहाच्या टपरीपाशी थांबवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डेंगू नव्हता, बाबा हॉलमध्ये शिकवत होते, आकडे मी बनवले होते, आणि त्याच्या शुक्रवारचं मी विसरून गेले होते.

त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. चहावर साय धरली. मी म्हणाले, "मला माफ कर."

"ताई, तुमी मले खरं सांगतलं असतं का, थकली मी, नाही होत माह्याच्यानं, तरी मी तुमचं काम केलं असतं," तो म्हणाला. "पण मंग मी साहेबाले दोन तास मागतले असते. शाळा आमच्या घरून अर्ध्या तासावर हाये. तुमच्या बाबांची तब्येत तशी, म्हणून मी दोन तासही नाही मागतले. लाज वाटली मले."

मला वाटत होतं तो रागावेल. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्याने पेला ठेवला, चहावाल्याला पैसे दिले आणि म्हणाला, "चला. आईनं स्वयंपाक केला हाये."

जुन्या शहरातल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्या आईने दारातच माझा हात धरला. "ये माय, ये. बाबा कसे हायेत तुझे आता?"

मी तोंड उघडलं. मी सांगणार होते, निदान आज तरी मला तसंच वाटतं. पण माझ्याआधी तोच म्हणाला, "बरे हायेत आता, आई. एकदम ठणठणीत." आणि चपला काढून आत गेला.

जेवण झाल्यावर बाईंनी मला मुलांनी केलेली भेटकार्डं दाखवली. एकावर पिवळ्या खडूने शाळा काढली होती आणि खाली लिहिलं होतं, बाई तुम्ही उद्या पण या. त्या हसत होत्या. "हा नव्हता त्या दिवशी," त्या मुलाकडे पाहून म्हणाल्या, "पण कामच तसं होतं त्याचं. कोणाच्या अडीनडीले धावून गेला, त्याचंच मले बरं वाटलं." तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी कार्डं एकेक करून पाहत राहिले. निघताना त्यांनी बाबांसाठी घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी दिली. बाबांनी ती पाहिली, कोणाकडून ते विचारलं, आणि आईला म्हणाले, "ठेव."

त्यानंतर त्याने माझ्यासोबतच्या कामात कसूर केली नाही. विचारलेल्याचं उत्तर दिलं, अडल्याला मदत केली. फक्त सोमवारच्या कॉलवर तो म्हणाला, "मॅडम, ते तिकीट मी पूर्ण केलंय." स्वच्छ, प्रमाण मराठीत. पुन्हा ताई म्हणाला नाही. चार-पाच महिन्यांनी त्याला नागपूरला चांगली नोकरी लागली. शेवटच्या दिवशी त्याने टीमला सगळ्यांचे आभार मानणारा एक मेसेज टाकला. मी त्याच्या खाली बरंच काही लिहिलं, पुसलं, आणि शेवटी इतरांसारख्याच शुभेच्छा दिल्या.

आता मी वेळेवर नाही म्हणते. कधी आवाज कापतो, पण म्हणते. दाढेवर टोपी बसवलीय. माझ्या हाताखालच्या मुलींनी सुट्टी मागितली तर मी कारण विचारत नाही. लोक म्हणतात, हिला कामाचा समतोल छान साधलाय. मला तो कोणाच्या जिवावर साधला ते मी त्यांना सांगत नाही.

मॅनेजरलाही सांगितलं नाही. तो चांगला माणूस आहे. दर पावसाळ्यात पेपरात डेंगूची बातमी आली की तो कॉलवर न विसरता विचारतो, "बाबांना जप हं. एकदा होऊन गेलाय ना त्यांना." भिंतीपलीकडे बॅच चालू असते. मी म्हणते, "हो, जपते."